शेतातील राख आणि काँक्रीट : एका संशोधनपद्धतीची चिकित्सा

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रबंधांतून एक विषय आता इतक्या वेळा हाताळला गेला आहे की, त्यास एका स्वतंत्र परंपरेचे रूप आले आहे असे म्हणावयास हरकत नाही. उसाच्या चिपाडाची, भाताच्या तुसाची, क्वचित ज्वारीच्या ताटांची अथवा पऱ्हाटीची राख घ्यावयाची. काँक्रीटमधील सिमेंटचा ५, १०, १५, २० टक्के भाग काढून त्याच्या जागी ही राख घालावयाची. १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे पाडून ते ७ व २८ दिवसांनी यंत्राखाली फोडावयाचे. आणि आलेखाचा माथा बहुधा १० टक्क्यांपाशी दाखवून ‘हे प्रमाण इष्टतम होय’ असा निष्कर्ष काढावयाचा, हा या परंपरेचा ठरीव क्रम. शेवटी एक परिच्छेद असतो. त्यात शेतकऱ्यास जोडउत्पन्न मिळेल, घरे स्वस्त होतील व हवेतील कर्बवायू कमी होईल, अशी आशा व्यक्त केलेली असते.

प्रस्तुत लेखाचा हेतू या विषयाची थट्टा करण्याचा नाही. विषय मोलाचा आहे, आणि म्हणूनच त्याच्या हाताळणीची चिकित्सा होणे अवश्य आहे. ही चिकित्सा हवेत होऊ नये म्हणून बीड जिल्ह्यातील आष्टी हा तालुका डोळ्यांसमोर ठेवला आहे. बालाघाटाच्या माथ्यावरचा व उतारावरचा हा पर्जन्यछायेतील प्रदेश. येथील शेती ज्वारी, बाजरी, तूर, कापूस यांची. आणि येथील हजारो कुटुंबे दर हंगामात ऊसतोडीसाठी परमुलखात जाणारी. प्रबंधांच्या शेवटच्या परिच्छेदातील ‘ग्रामीण भाग’ तो हाच. तेव्हा त्या परिच्छेदातील आशा येथे कितपत टिकते, हे पाहणे न्याय्य ठरेल.

प्रथम तत्त्वाविषयी. पोर्टलंड सिमेंटमधील कॅल्शियमच्या सिलिकेटांचा पाण्याशी संयोग झाला म्हणजे दोन पदार्थ निपजतात. एक, ज्याच्यामुळे काँक्रीटला बळ येते तो कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा चिकट, पुढे घट्ट होणारा पदार्थ. आणि दुसरा, मोकळा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. या मोकळ्या चुन्यापासून बळ फारसे मिळत नाही. परंतु अस्फटिक अवस्थेतील सिलिका अतिसूक्ष्म पुडीच्या रूपात हाती असेल, तर ती या चुन्याशी हळूहळू संयोग पावून पहिल्या प्रकारचाच बांधक पदार्थ निर्माण करते. इटलीतील पोझुओली गावाजवळच्या ज्वालामुखीय मातीवरून या क्रियेस व असल्या द्रव्यास पोझोलाना हे नाव मिळाले. आपल्याकडे घाणीत चुना मळताना त्यात विटांची सुरखी घालणारा गवंडी याच तत्त्वाचा उपयोग करीत होता, मग त्यास रसायनशास्त्र ठाऊक असो वा नसो. सारांश, राखेची कल्पना नवी नाही व परकीही नाही. नवीन आहे ती निकड. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली असता तीतून ४४ किलो कर्बवायू बाहेर पडतो, आणि भट्टीच्या इंधनाचा वायू त्यात मिळविला म्हणजे एक टन क्लिंकरमागे सुमारे ८०० ते ९०० किलो वायू हवेत जातो. क्लिंकर वाचविणे हे आजचे उघड कर्तव्य आहे.

या क्षेत्रात ज्या कामांनी पाया घातला, त्यांकडे पाहिल्यास एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कॅलिफोर्निया विद्यापीठात पी. के. मेहता यांनी १९७० च्या दशकात भाताच्या तुसाच्या राखेवर जे काम केले, त्याचा गाभा ठोकळे फोडण्यात नसून तूस जाळण्यात होता. जाळण्याचे तापमान व काळ आवाक्यात ठेवल्यास सिलिका अस्फटिक राहते. तापमान बेताबाहेर गेल्यास ती स्फटिकरूप होऊन तिची क्रियाशीलता ओसरते, हे त्या कामाचे मर्म. पुढे २००७ साली गणेशन, राजगोपाल व थंगवेल यांनी उसाच्या चिपाडाची राख २० टक्क्यांपर्यंत चालते असे दाखविले, तेही राखेवर आधी पुरते संस्कार करून. आणि २०१५ साली बहुरुद्दीन व संथानम या मद्रासच्या आय. आय. टी. मधील अभ्यासकांनी निरनिराळे संस्कार परस्परांशी ताडून पाहिले व असे दाखविले की, साखर कारखान्याची कच्ची राख ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून तीतील अर्धवट जळालेले तंतुमय कण काढून टाकले व उरलेली राख सिमेंटइतकी बारीक दळली, तर कमी ऊर्जेत उपयुक्त पोझोलाना हाती येतो. या तिन्ही कामांचा विषय ‘राख’ हा नसून ‘राखेवरील संस्कार’ हा आहे. आमच्या प्रबंधांनी या कामांतून टक्केवारी तेवढी उचलली. संस्कार मात्र मागे राहिला.

येथे पहिला आक्षेप येतो. ‘शेतातील राख’ असे कोणतेही एक द्रव्य अस्तित्वात नाही. ऊस, भात, ज्वारी, बाजरी, गहू ही सारी तृणकुलातील पिके असून तृणकुलातील वनस्पती जमिनीतील सिलिका शोषून ती आपल्या पानांत व टरफलांत साठवितात. तूर व कापूस यांचा स्वभाव निराळा. त्यांच्या काष्ठमय काड्यांच्या राखेत सिलिकेचा वाटा थोडा, आणि चुना व पोटॅश यांचा मोठा. खेड्यातील कोणतीही वृद्ध स्त्री सांगू शकेल की, भांडी घासावयास कोणती राख चांगली व पिकास कोणती. तेच ज्ञान रसायनशास्त्राच्या भाषेत असे आहे की, तुराट्यांची वा पऱ्हाटीची राख हे बहुतांशी खत होय, पोझोलाना नव्हे. अशी राख काँक्रीटमध्ये घातल्यास अल्कलींचे प्रमाण वाढते. आणि खडीत जर क्रियाशील सिलिका असेल, तर अल्कली व सिलिका यांच्या मंद प्रक्रियेने वर्षानुवर्षांनी काँक्रीट तडकण्याचा धोका संभवतो. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांतून चॅल्सेडोनीसारखी खनिजे आढळतात, हे ध्यानी घेता हा धोका तपासून पाहिल्याविना दूर सारता येणार नाही. ७ व २८ दिवसांच्या ठोकळ्यास हा धोका दिसतच नाही.

खुद्द कारखान्याच्या राखेतही भेद आहेत. बॉयलर कोणत्या जातीचा, राख तळाची की धुराड्याच्या वाटेवर अडविलेली, हंगामाच्या आरंभीची की अखेरची, यांवर तीतील न जळलेल्या कर्बाचे प्रमाण अवलंबून असते. शिवाय ज्या कारखान्यांना आसवनी जोडलेल्या आहेत, त्यांपैकी काहींत मळी आंबवून उरलेले सांडपाणी आटवून ते चिपाडासह जाळतात. त्या राखेत पोटॅश इतका असतो की ती खताचा कच्चा माल म्हणून विकली जाते. या दोन्ही राखा एकाच आवारात ढीग घालून पडलेल्या असू शकतात. ‘जवळच्या साखर कारखान्यातून राख आणली’ एवढेच वाक्य ज्या प्रबंधात आहे, त्यातील पुढची पन्नास पृष्ठे कोणत्या पदार्थाविषयी लिहिली आहेत, हे वाचकास कळण्यास मार्ग नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांच्या वाचनावर आहे. समजा, निव्वळ सिमेंटच्या ठोकळ्यांचे २८ दिवसांचे सरासरी सामर्थ्य प्रत्येक चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन आले व १० टक्के राखेच्या ठोकळ्यांचे ३२ आले. बहुतेक ठिकाणी एवढ्यावरून ‘वाढ’ घोषित होते. परंतु प्रयोगशाळेतील कामात ठोकळ्या-ठोकळ्यांत ५ टक्के विचलन धरणे हे उदारपणाचे नव्हे. ३० न्यूटनांवर ते दीड न्यूटन होते. तीन ठोकळ्यांच्या सरासरीची प्रमाण-चूक सुमारे ०.८७, आणि अशा दोन सरासऱ्यांतील फरकाची प्रमाण-चूक सुमारे १.२ न्यूटन येते. दोन न्यूटनांचा फरक हा तिच्या दुपटीहूनही कमी आहे. म्हणजे तो निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. त्यातून पाच प्रमाणांपैकी जे सर्वांत उंच आले तेच निवडावयाचे असल्याने योगायोगास आणखीच वाव मिळतो. आय. एस. ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत एका नमुन्यातील तीन ठोकळ्यांचे वैयक्तिक विचलन सरासरीच्या अधिक-उणे १५ टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरले आहे, एवढे स्मरले तरी या माथ्यांविषयीचा उत्साह ओसरेल. तिन्ही ठोकळे एकाच घाण्यातून भरलेले असतील, तर वस्तुतः तो एकच प्रयोग होय.

तिसरा आक्षेप तुलनेच्या पायावर आहे, आणि तो दुहेरी आहे. राखेमुळे सातव्या दिवशी सामर्थ्य वाढले, तर त्याचे श्रेय लागलीच पोझोलाना-क्रियेस दिले जाते. वास्तविक ती क्रिया संथ असते. आरंभीच्या वाढीचे कारण बहुधा बारीक कणांनी पोकळ्या भरून काढणे हे असते. तसेच राखेची घनता सिमेंटहून कमी असल्याने वजनास वजन बदलले की आकारमान बदलते. ३२ किलो सिमेंट सुमारे १०.२ लिटर जागा व्यापते, २.२ विशिष्ट गुरुत्वाची तेवढीच राख सुमारे १४.५ लिटर व्यापते. म्हणजे आपण केवळ द्रव्य बदलले नाही, लेपाचे आकारमानही वाढविले. हे दोन परिणाम वेगळे काढण्यास उपाय सोपा आहे. तितक्याच बारीक दळलेल्या कातळाच्या निष्क्रिय पुडीचा एक समांतर संच करावा. आष्टीच्या परिसरात खडी-क्रशरची भुकटी मिळण्यास अडचण नाही. असा संच नसताना ‘पोझोलाना-क्रिया सिद्ध झाली’ असे म्हणणे तर्कशास्त्रास धरून नाही.

तुलनेतील दुसरा दोष अधिक व्यावहारिक आहे. प्रबंधातील राख साध्या पोर्टलंड सिमेंटच्या जागी घातलेली असते. पण खेड्यातील दुकानात घराच्या कामासाठी सर्रास मिळणारे पोते पोर्टलंड-पोझोलाना सिमेंटचे असते. त्यात मानकानुसार १५ ते ३५ टक्के औष्णिक वीजकेंद्राची राख कारखान्यातच दळून मिसळलेली असते. अशा सिमेंटमधून आणखी १० टक्के काढून तेथे राख घातली, तर मोकळा चुना उरतो किती आणि राखेस मिळतो किती, हा प्रश्न अगदी वेगळा आहे. प्रबंधाचा निष्कर्ष वाचून गवंड्याने पोत्यात राख मिसळली, तर तो ज्या मिश्रणाचा प्रयोग करील, त्याची परीक्षा कोणीही घेतलेली नसेल. आय. एस. ४५६ ने तुसाच्या राखेस नाव घेऊन जागा दिली आहे, पण तीही अपेक्षित गुण व एकसारखेपणा सिद्ध होण्याच्या आणि अधिकाऱ्याच्या संमतीच्या अटीवर. चिपाडाच्या राखेस त्या आवृत्तीत अशी नामनिर्देशित जागाही नाही. मानकाची ही सावधगिरी म्हणजे जुनाटपणा नव्हे.

आता आष्टीकडे वळू. प्रबंधांत ‘टाकाऊ’ हा शब्द फार सहज येतो. आष्टीच्या शेतात टाकाऊ काय आहे? ज्वारीचे ताट म्हणजे कडबा. आणि २०१२-१३ व २०१८-१९ च्या टंचाईत ज्या जिल्ह्यात गुरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेथे कडब्याची पेंढी जाळून राख करण्याची सूचना करणे म्हणजे त्या जिल्ह्याची ओळखच नसणे होय. तुराट्या व पऱ्हाटी चुलीत जातात, कुडाला व कुंपणाला लागतात. आणि त्यांची राख, वर पाहिल्याप्रमाणे, आपल्या कामाचीही नाही. भाताचे तूस आष्टीत नाही. ते कोकणात व भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडील गिरण्यांत आहे. उरते ती चिपाडाची राख. एक टन उसामागे ढोबळमानाने सहा-सात किलो राख धरली, तर रोज २५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात दिवसाला १५ टनांच्या आसपास राख पडेल. हे प्रमाण दखल घेण्यासारखे खरे. मात्र ती राख पडते गोदावरी, सिंदफणा, भीमा, कृष्णा यांच्या पाटपाण्यावरील कारखान्यांत. आष्टीचा माणूस तेथे कोयता घेऊन जातो. उसाचे वाढे त्याच्या बैलांना मिळतात, मजुरी त्याला मिळते. चिपाड व राख कारखान्याची. तेव्हा ‘शेतकऱ्यास जोडउत्पन्न’ हे वाक्य येथे कोणत्या शेतकऱ्यास उद्देशून आहे, हे लेखकांनी स्पष्ट करावयास हवे.

वाहतुकीचा हिशेबही करून पाहू. सहाशे चौरस फुटांच्या घराचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ७ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३२० किलो सिमेंट धरले व त्यातील १० टक्के वाचविले, तर वाचते २२४ किलो, म्हणजे जवळजवळ साडेचार पोती. या साडेचार पोत्यांसाठी राख चाळावयाची, वाळवावयाची, गिरणीत सिमेंटइतकी बारीक दळावयाची, तपासावयाची व दूरवरून आणावयाची. एका घराच्या मापाने हा व्यवहार टिकणारा नाही. तो टिकेल तो सिमेंटच्या कारखान्यात अथवा मोठ्या मिश्रणकेंद्रात. शिवाय बीड जिल्ह्यातच परळी येथे औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि कोळशाच्या राखेसाठी मानक, गिऱ्हाईक व शासकीय नियम हे तिन्ही सिद्ध आहेत. परळी आष्टीपासून दीडशे किलोमीटरांहून दूर असली, तरी चिपाडाच्या राखेने खरी तुलना द्यावयाची ती या राखेशी. अशी तुलना करणारा प्रबंध विरळा.

परंतु सर्वांत गंभीर प्रश्न पाण्याचा आहे. याच परळीच्या केंद्रातील वीजनिर्मिती पाण्याअभावी २०१५ साली थांबवावी लागली होती. जेथे केंद्रास पाणी पुरले नाही, तेथे स्लॅबवर किती मारले जाणार? आय. एस. ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, खनिज द्रव्ये मिसळलेल्या अथवा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओले ठेवावयाचे असते. कोरड्या व उष्ण हवेत मिश्र सिमेंटसाठी ही मुदत १४ दिवसांपर्यंत न्यावी अशी शिफारस आहे. कारण उघड आहे. पोझोलाना-क्रिया मंद असल्याने तिला ओल अधिक काळ लागते. ओल आटली की क्रिया थांबते, राख नुसती भर म्हणून उरते, आणि सिमेंट तेवढे कमी झालेले असते. तशात राखेने चुन्याचा साठा घटविलेला असतो. पृष्ठभागाचा थर सच्छिद्र राहिल्यास हवेतील कर्बवायू आत शिरून काँक्रीटची अल्कधर्मिता लवकर कमी करतो व सळईचे संरक्षण सरते. प्रयोगशाळेतील ठोकळा मात्र पूर्ण २८ दिवस २७ अंश तापमानाच्या हौदात बुडालेला असतो. आष्टीत उन्हाळ्यात टँकरने प्यावयाचे पाणी येते, आणि घराची बांधकामे बहुधा त्याच दिवसांत, ऊसतोडीहून माणसे परतल्यावर, हाती पैसा असताना निघतात. हौदातील ठोकळ्याने दिलेले १० टक्क्यांचे आश्वासन या स्लॅबला लागू करणे हा शास्त्रीय प्रमाद आहे. आणि त्याचा दंड लेखकास नव्हे, त्या घरातील माणसांना भरावा लागेल.

यावरून विषय सोडून द्यावा असे आम्हांस सुचवावयाचे नाही. विषय योग्य जागी न्यावा, एवढेच म्हणणे आहे. त्यासाठी पाच गोष्टींचा आग्रह धरता येईल. पहिली, राखेचा जन्मवृत्तांत नोंदविल्याविना प्रबंध स्वीकारू नये : पीक, बॉयलर, गोळा करण्याची जागा व काळ, तापवून होणारी घट, अल्कलींचे प्रमाण, सूक्ष्मता, आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिलेली स्फटिकता. आय. एस. १७२७ मधील चुना-क्रियाशीलतेची कसोटी आमच्या बहुतेक प्रयोगशाळांच्या आवाक्यात आहे. ती ठोकळ्यांच्या आधी व्हावी. दुसरी, प्रत्येक मालिकेत निष्क्रिय पुडीचा व बाजारातील पोझोलाना सिमेंटचा असे दोन समांतर संच असावेत. तिसरी, प्रत्येक प्रमाणाचे निदान तीन वेगवेगळे घाणे व्हावेत आणि आकड्यांसोबत त्यांचे विचलन छापले जावे. चौथी, पाणी हाच एक प्रायोगिक चल मानावा : ३, ७, १४ व २८ दिवस ओले ठेवलेले ठोकळे उरलेला काळ कोरड्या हवेत ठेवून ९० दिवसांनी त्यांचे सामर्थ्य व कार्बोनेशनची खोली मोजावी. पाचवी, ओझे न पेलणाऱ्या वस्तूंचा आधी विचार व्हावा. फरसबंदीचे ठोकळे, भिंतीच्या विटा, गटारीचे तुकडे हे एका छपराखाली तयार होतात, तेथे थोड्या पाण्यात वा वाफेत ओल टिकविता येते, आणि चूक झाली तर ठोकळा फुटतो, छत कोसळत नाही.

यांपैकी चौथे काम आष्टीसारख्या ठिकाणीच उत्तम होईल. मे महिन्यातील तेथील कोरडी हवा, विहिरीचे पाणी, स्थानिक खडी व दुकानातील सिमेंट यांतून जे आकडे येतील, ते दहा टक्क्यांच्या आणखी दहा आलेखांहून अधिक मोलाचे ठरतील. त्यांतून कदाचित असेही निष्पन्न होईल की, पाण्याची वाण असलेल्या मुलखात घराच्या स्लॅबमध्ये जादा राख घालूच नये. तसे झाले तर तो निष्कर्षही छापला गेला पाहिजे. नकारात्मक निष्कर्षास प्रबंधात मान नाही, ही आमच्या विद्यापीठांची एक जुनी उणीव आहे. आणि या परंपरेतील प्रत्येक आलेखास माथा का असतो, याचे उत्तरही बहुधा तेथेच सापडेल.